बिल्ला नंबर चारशे सतरा

बंडू खोटे हा गृहस्थ या पृथ्वीतलावर कधीच नव्हता, तरी दख्खनवाहिनी बस कंपनीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात त्याला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. वय बावन्न, उंची पाच फूट सहा इंच, बिल्ला नंबर चारशे सतरा. सहा वर्षांपूर्वी शैलजा मगदूमने त्याला कीबोर्डवर जन्माला घातलं, आणि तेव्हापासून तो बिचारा दिवसातून चाळीस-पन्नास वेळा स्टिअरिंगवर झोपत आला होता. कधी पुलावर, कधी घाटात, कधी टोलनाक्याच्या तोंडाशी. त्याला झोपवणं हेच शैलजाचं काम होतं.

शैलजा सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहायची. चाचणी लिहायची तर कुणीतरी आजारी पडावं लागतं, कुणाचा तरी अपघात व्हावा लागतो, आणि तिथे जित्याजागत्या माणसाचं नाव घालायचं नाही हा त्यांच्या टीमचा अलिखित नियम. सगळी शिकली-सवरलेली मंडळी. पण एकदा अल्ताफ मुजावरने गंमत म्हणून स्वतःच्या मेहुण्याचं नाव घातलं, आणि त्याच आठवड्यात मेहुणा जिन्यावरून पडून पाय मोडून बसला. त्या दिवसापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. वाईट जे काय व्हायचं ते बंडूला होऊ दे.

आता हे झोपणं कसलं, ते सांगायला हवं. माणसाचा मेंदू एकदम झोपत नाही. सणाच्या दिवशी पाहुणे जेवून गेले की घरातली माणसं जशी एकेक करून आडवी होतात, कुणी माजघरात, कुणी सोप्यात, तसे मेंदूचे कोपरे एकेक करून झोपत जातात. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात आणि आत निम्मं घर घोरत असतं. मग कधीतरी दोन-तीन सेकंद सगळंच बंद होतं. त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. तुम्ही विचारलंत तर तो शपथेवर सांगेल, मी टक्क जागा होतो.

हे पेंगणं तासभर आधी ओळखायची युक्ती सापडली तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता. तळहाताची थरथर, बोटांतली नाडी आणि त्वचेवरचा घाम ह्यांच्या सूक्ष्म चढउतारात येणाऱ्या झोपेची चाहूल आधीच उमटलेली असते. स्टिअरिंगवर चढवायचं एक कातडी कव्हर निघालं आणि ते ही चाहूल वाचू लागलं. कंपनीने त्याचं नाव ठेवलं ‘जागल्या’. महामार्गावरच्या बस तोवर आपल्या आपण चालायला लागल्या होत्या. पण दरडी, गुरं आणि धुकं असलेल्या घाटात यंत्राच्या भरवशावर माणसं सोडायची कुणाची छाती नव्हती, तिथे ड्रायव्हरच लागायचा. म्हणून घाटाच्या प्रत्येक गाडीवर जागल्या बसला.

जागल्या तीन रंग सांगायचा. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे थकवा. चहा घ्या, तासभर पडा. लाल मात्र वेगळा होता. मेंदूच्या तळाशी काही हजार पेशी असतात, त्या आपल्याला जागं धरून ठेवतात. काही माणसांत त्या पेशीच मरायला लागतात, आणि ते चहाने बरं होत नाही. म्हणून एकदा लाल आला की त्या माणसाचं स्टिअरिंग जन्माचं सुटलं.

पहिल्या वर्षी हा इशारा ड्रायव्हरच्या केबिनमध्येच वाजायचा. एकाने त्या आवाजाने दचकून गाडी कठड्यावर घातली. तेव्हापासून इशारा फक्त मुख्य ऑफिसच्या नियंत्रण कक्षात यायचा आणि तिथला माणूस शांत आवाजात ड्रायव्हरला बाजूला घ्यायला सांगायचा. तिथल्या पडद्यावरही रंगच दिसायचा, वेळ दिसायची नाही. कारण वेळ दिसली की माणूस जुगार खेळतो. ‘अजून वीस मिनिटं आहेत, पोचेल की तोवर’ असं म्हणणारे महाभाग निघाले होते.

पण वेळ दिसत नव्हती म्हणजे ती नव्हती असं नाही. ह्या असल्या सॉफ्टवेअरमध्ये एक भाग असतो कंट्रोलर, आणि दुसरा असतो व्ह्यू. कंट्रोलर म्हणजे स्वयंपाकघर. सगळी माहिती तिथे गोळा होते, शिजते. व्ह्यू म्हणजे पंगतीतलं ताट. लोकांना दिसतं ते एवढंच. कंट्रोलर व्ह्यूच्या हातात बरंच काही देतो, त्यातलं व्ह्यू किती वाढतो ही वेगळी गोष्ट. शैलजाच्या चाचण्या मधल्या दारात उभ्या असत. आतून बाहेर काय काय दिलं जातंय, नाव बरोबर आहे का, रंग बरोबर आहे का, वेळ आणि सेकंद बरोबर आहेत का, हे त्या तपासत. ताटात काय पडलं ते बघायला पुण्याची दुसरी टीम होती. शैलजाला आपल्या दाराचा अभिमान होता. ‘माझ्यापासून काही लपत नाही,’ असं ती नव्या पोरींना सांगायची.

त्या मंगळवारी, मार्च महिन्यात, वरून हुकूम आला की आजवर खोट्या माहितीवर चालवलेल्या चाचण्या एकदा खऱ्या, चालू गाड्यांच्या माहितीवर चालवून दाखवा. शैलजाने जेवणानंतर त्या चालवल्या. रस्त्यावरच्या एकशे बारा गाड्यांची एकशे बारा उत्तरं एकाखाली एक उतरत गेली. हिरवा, हिरवा, पिवळा, हिरवा. सगळीकडे ‘बरोबर’चा शिक्का. आणि मध्येच एक ओळ आली: बिल्ला चारशे सतरा, लाल, तीन बेचाळीस ते तीन पन्नास, अंदाजे अकरा सेकंद.

ती मोठ्यांदा हसली. बंडू खोटे खऱ्या रस्त्यावर उतरला होता! कुणीतरी वेंधळेपणाने खोटी माहिती खऱ्यात मिसळली असणार. अल्ताफला हाक मारून सांगावं, त्याला चहा पाजायला लावावा, असं तिच्या मनात आलं. तिने बंडूला काढून टाकायला ती ओळ उघडली. आत नाव होतं भूपाल आदगोंडा मगदूम. गाडी कोल्हापूर–मालवण, मार्गे करूळ घाट. प्रवासी एकेचाळीस.

भूपाल मगदूम हा तिचा सख्खा थोरला भाऊ. आण्णा.

तिने ते नाव तीनदा वाचलं. मग घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

वडील गेले तेव्हा शैलजा नववीत होती आणि आण्णा तेवीस वर्षांचा. तो ट्रकवर गेला, मग बसवर आला, आणि ह्या दोन्हींच्या मधल्या काळात त्याने बहिणीला इचलकरंजीला इंजिनिअर केलं. स्टिअरिंग सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं वाटतही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी जेवायला बसला तरी उजवा पाय खाली काहीतरी दाबत असायचा. दोन महिन्यांपूर्वीच कंपनीने त्याचा फेटा, शाल, श्रीफळ देऊन सत्कार केला होता. आठ महिन्यांत एकदाही पिवळासुद्धा नाही, असा जागता माणूस दुसरा नाही, असं जनरल मॅनेजर माइकवरून म्हणाले होते. बक्षीस म्हणून त्याला करूळ घाटाची गाडी मिळाली होती. शैलजाने पहिल्या रांगेत बसून हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि इथे लाल. लाल असेल तर वरच्या मजल्यावर भोंगा वाजायला हवा होता. तिने कान दिला. पंख्याचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं.

ती जिना धावतच चढली. नियंत्रण कक्षात भिंतभर पडदा होता आणि त्यावर एकशे बारा चौकटी, प्रत्येकीत त्या गाडीचा नकाशावरचा ठिपका. समोर इंगवलेसाहेब बसले होते. पस्तीस वर्षं वाहतुकीत काढलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. शैलजाने चारशे सतराची चौकट शोधली. ती हिरवीगार होती.

“काय मॅडम, आज वर कशा?” इंगवलेसाहेब म्हणाले.

त्याच क्षणी तिला सगळं उमगलं. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या गावांचे डेपो मॅनेजर हा पडदा बघायला येत, आणि चाचण्यांची माहितीही ह्याच पडद्यावर उमटत असल्याने नेमका तेव्हाच तिचा बंडू लाल व्हायचा. भोंगा वाजायचा, पाहुणे दचकायचे, साहेब चिडायचे. कंट्रोलरला हात लावला तर तिच्या चाचण्या मोडल्या असत्या. म्हणून तिने व्ह्यूच्या बाजूला, म्हणजे ताटाच्या बाजूला, एक ओळ टाकली होती: बिल्ला चारशे सतरा असेल तर हिरवा दाखव. वर टीप लिहिली होती, ‘तात्पुरतं’. तात्पुरतं ह्या शब्दाइतका दीर्घायुषी शब्द सरकारी कचेरीतसुद्धा सापडायचा नाही. दहा महिन्यांपूर्वी तीन डेपो एकत्र झाले, सगळ्या ड्रायव्हरांना नवे बिल्ले मिळाले. पगारपत्रकात बंडू खोटे नव्हताच, तेव्हा चारशे सतरा नंबर रिकामा दिसला आणि कुणा कारकुनाने तो आण्णाला दिला. कंट्रोलर दारातून रोज इमानाने लाल देत होता. आणि दाराबाहेर तिच्याच हातची ओळ त्याला हिरवा रंग फासत होती.

तो सत्कार, तो फेटा, तो करूळ घाट, सगळं त्या एका ओळीचं होतं.

इथे तिने सरळ खरं सांगायला हवं होतं. पण माणूस सरळ असता तर काय पाहिजे होतं! खरं सांगितलं तर आण्णाचं स्टिअरिंग आजच सुटणार होतं. खरं सांगितलं तर ती ओळ कुणी लिहिली हेही निघणार होतं. ती घाबरली होती, आणि त्या पहिल्या घाबरण्यात आण्णाच्या जिवापेक्षा आण्णाची नोकरी आणि आपली नोकरी जास्त होती, ह्याची तिला पुढे जन्मभर लाज वाटत राहिली. तिला वाटलं, एकदा गाडी थांबू दे. काहीतरी कारण सांगून थांबवू, पन्नास मिनिटं गेली की बाकीचं निवांत बघू.

“साहेब, आई सिरियस आहे,” ती म्हणाली. “आण्णाला थांबवा. मला त्याच्याशी बोलायचंय.”

इंगवलेसाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. “मॅडम, तुम्ही ड्रायव्हरच्या घरातल्या. तुम्हाला मी काय सांगावं? फेरी संपेपर्यंत घरची वाईट बातमी ड्रायव्हरला द्यायची नाही.”

हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, पण पाळला मात्र देवाधर्मासारखा जायचा. ज्याच्या हातात चाळीस जिवांची दोरी आहे त्याच्या डोक्यात कालवाकालव करायची नाही. इंगवलेसाहेबांनी स्वतः ड्रायव्हर असताना एकदा बाप गेल्याची बातमी रत्नागिरीहून परत आल्यावर ऐकली होती. शैलजाला हे ठाऊक होतं. घाईत तिने नेमकं तेच खोटं निवडलं होतं, ज्याने हा माणूस गाडी थांबवायच्या ऐवजी आण्णाभोवती भिंत बांधणार होता.

“फक्त थांबवा, बातमी नका देऊ.”

“कारण नसताना थांबवलं तर तो काय समजायचा ते समजेलच की. जुना माणूस आहे. तुम्ही दवाखान्यात जावा मॅडम. मालवणला पोचला की मी स्वतः त्याला सांगतो, परतीला दुसरा ड्रायव्हर देतो.”

ती गयावया करत राहिली आणि ते तिची समजूत घालत राहिले. पडद्यावर आण्णाची गाडी गगनबावड्याच्या स्टँडवर जाऊन उभी राहिली. सात मिनिटं ती तिथे थांबली. प्रवासी उतरले असतील, वडे खाल्ले असतील, आण्णाने तोंडावर पाणी मारलं असेल. नुसतं ‘पुढे जाऊ नको’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. शैलजाने आण्णाचा मोबाइल लावून पाहिला. ड्रायव्हर-कंडक्टरचे फोन फेरी संपेपर्यंत कुलपाच्या डब्यात असतात, हे माहीत असूनही लावला. तीन पंचवीसला गाडी हलली आणि घाटाच्या दिशेने निघाली.

तेव्हा कुठे तिचा धीर सुटला.

“साहेब, आई बरी आहे. मी खोटं बोलले. आण्णा लाल आहे.”

इंगवलेसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. “हिरवा आहे, मॅडम.”

“पडद्यावर हिरवा दिसतोय, पण आत लाल आहे. तीन बेचाळीस ते पन्नासच्या मध्ये तो झोपणार आहे. अकरा सेकंद. आता सत्तावीस झालेत.”

“मघाशी आई होती, आता हे.” त्यांचा आवाज चढला नाही, पण गारठला. “घरात भांडण वगैरे आहे का? मी पस्तीस वर्षं ह्या लोकांना सांभाळतोय. माझ्यापुढे पडदा आहे, पडद्यावर हिरवा आहे. चालत्या गाडीला घाटात उगाच थांबवायचं म्हणजे मागून येणाऱ्यांच्या अंगावर घ्यायचं.”

लांडगा आला रे आला, दुसरं काय. तिने चाचणीचा निकाल मोबाइलवर दाखवला. त्यांना त्या अक्षरांत काही उमगेना. आणि दुरून ब्रेक लावायची सोय तर मुद्दामच ठेवलेली नव्हती. आता एकच उपाय होता. त्यांना पडदा खरा करून दाखवायचा.

कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बसून तिने ती ओळ काढली. खोडायला एक सेकंद लागला. पण चालू प्रणालीत बदल करायचा तर दुसऱ्या माणसाची संमती लागते, आणि दुसरा माणूस म्हणजे अल्ताफ. तिने फोन लावला.

“अल्ताफ, तुझ्याकडे एक बदल आलाय. पास कर. आत्ता.”

“एक ओळ काढलीयस. बंडूची? अगं, भोंगे वाजतील वर—”

“बंडू नाही तो. आण्णा आहे. आण्णाला बंडूचा नंबर दिलाय रे त्यांनी!”

अल्ताफने आण्णाच्या हातचं मटण खाल्लं होतं, आण्णाच्या गाडीतून बायकोला बाळंतपणाला नेलं होतं. “केलं,” तो म्हणाला. “शैलजा, केलंय बघ. पोचायला चार मिनिटं लागतील.”

ती चार मिनिटं शैलजाने उभ्याने काढली. तिचे तळहात ओले झाले होते आणि ते ती पुन्हा पुन्हा ओढणीला पुसत होती. पडद्यावर आण्णाची गाडी घाटाच्या पहिल्या वळणाला लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ. शाळकरी वयात आण्णाच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून ती ह्याच घाटाने कोकणात उतरली होती, आणि भीती वाटते म्हणाली तेव्हा आण्णा म्हणाला होता की माझ्याकडं बघ, खाली बघू नकोस. ती आत्ता चौकटीकडे बघत होती. हिरवी, हिरवी, हिरवी.

तीन पस्तीसला चौकट लाल झाली आणि भोंगा असा कडाडला की दाराशी चहा घेऊन आलेल्या शिपायाच्या हातून किटली पडली.

इंगवलेसाहेबांनी माइक ओढला. “चारशे सतरा, भूपालराव, इंगवले बोलतोय. गाडी बाजूला घ्या.” खरखर. “चारशे सतरा?” पुन्हा खरखर. घाटात आवाज तुटतो. दोन वळणं गेली. छत्तीस झाले, सदतीस झाले. साहेबांच्या आवाजात अजूनही घाई नव्हती. “भूपालराव, ऐकू येतंय का?”

“येतंय की,” आण्णाचा आवाज आला. “काय झालं, साहेब?”

“काही नाही. पुढं रुंद जागा आली की बाजूला घेऊन थांबवा. हँडब्रेक ओढा. चाकाला दगड लावा.”

“घाटात? मागनं डंपर हाय.”

“जाऊ दे त्याला पुढं. थांबवा.”

तीन चाळीसला पडद्यावरचा ठिपका थांबला. इंगवलेसाहेबांनी गाडीतल्या कंडक्टरला, सुनीता कोळेकरला, दगड लावलेत का ते तीन-तीनदा विचारलं. मग माइक शैलजाच्या पुढे सरकवला. “तुम्हीच बोला,” ते म्हणाले. “मला नाही जमायचं.”

“आण्णा, मी शैली.”

“शैले? तू काय करालीस तिथं?” त्याच्या आवाजाच्या मागे प्रवाशांची कुरकुर ऐकू येत होती, कुणाचं तरी मूल रडत होतं. “गाडी का थांबवलीया? काय टायर-बियर दिसतोय काय?”

“आण्णा, तू लाल आहेस.”

“काय खुळ्यागत बोलतीस? मी आन् लाल?” तो हसला. “आठ-दहा म्हैनं झालं, पिवळाबी न्हाई मी. त्या भोंग्याला काय तरी झालंय. खाऊन-पिऊन टणटणीत हाय बघ. रात्री आठ तास झोपलोय. ही माणसं इथं बोंबलालेत, एका म्हातारीला औषध घ्यायचंय पाचला, आन् तुमचं काय चाललंय? त्या इंगवलेसाहेबास्नी सांग, यंत्रावर इस्वास ठेवायचा तर मग माणसं कशाला ठेवलीत? मी ह्या घाटात तीस वर्सं—”

आवाज थांबला.

शैलजाला वाटलं लाइन तुटली. पण मूल रडतच होतं, खिडकीची काच सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी ‘ओ ड्रायव्हर’ म्हणालं. लाइन चालू होती. तीन चव्वेचाळीस. तिने सेकंदकाट्याकडे पाहिलं. चार. पाच. इंगवलेसाहेबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. सात. आठ. मघाच्या वेगाने गाडी उतारावर असती तर आत्ता कुठे असती, हा हिशेब तिचं डोकं तिची परवानगी न घेता करत होतं. दहा. अकरा.

“—वर्सं चालवतोय,” आण्णा म्हणाला. “एक दगडबी मला अनोळखी न्हाई. तर मी काय म्हंतो, आता सोडा मला, उशीर व्हालाय.”

त्याला काहीच कळलं नव्हतं. वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच त्याने उचललं होतं. मग गाडीतून सुनीताचा आवाज आला, अगदी हळू. “काका, तुम्ही आत्ता झोपला होतासा.”

“कोण? मी?”

“व्हय. डोळं उघडं हुतं. मी हलवलं तुमास्नी. तुमी हललाच न्हाई.”

मागची कुरकुर थांबली होती. प्रवाशांनीही ते पाहिलं असणार. शैलजाने मग एका दमात सगळं सांगितलं. बंडू खोटे, चारशे सतरा, तिने टाकलेली ओळ, पडद्यावरचा खोटा हिरवा. आई सिरियस असल्याची थापसुद्धा सांगितली. सांगताना ती रडत होती आणि ते लपवायचं तिला भान नव्हतं. “माझ्यामुळं झालं, आण्णा,” ती म्हणाली. “तुला आधीच कळायला पाहिजे होतं.”

मग आण्णाने विचारलं, “म्हंजी हे आजचंच न्हवं.”

“नाही.”

“मागल्या म्हैन्यात शाळेची सहल नेली मी मालवणला. बावन्न पोरं हुती.” त्याचा आवाज वेगळाच येत होता, म्हाताऱ्या माणसाचा. “शैले, किती वेळा?”

जागल्या नुसती चाहूल सांगून थांबत नाही. हाताची पकड खरोखर सुटली की तेही नोंदवतो. कंट्रोलर ते सगळं रोज व्ह्यूच्या हातात देत आला होता आणि व्ह्यूने ते कधी वाढलं नव्हतं. शैलजाच्या समोर ती यादी उघडी होती, तारीख, ठिकाण, सेकंद. इंगवलेसाहेबांनी यादी पाहिली आणि मान हलवून तिला ‘नको’ म्हणून खुणावलं. आज नको, त्या जागी नको. सहा वर्षं ती दारात उभी राहून दुसऱ्याने दुसऱ्याला काय दिलं ते तपासत आली होती; स्वतःच्या हाताने कुणाला द्यायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

“सदतीस,” ती म्हणाली.

पलीकडून काहीच आलं नाही. तिची नजर आपोआप सेकंदकाट्यावर गेली. तीन. सहा. नऊ. तिने माइक दोन्ही हातांनी धरला.

“आण्णा? आण्णा!”

“जागा हाय,” तो म्हणाला.